घरातल्या राउटरवरून फाइल आणि प्रिंटर शेअर कसे करायचे : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं, दगडी भिंतींचं घर आहे. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आणि अडतीचा हिशेब घरी बसून मी बघते. हंगामात दिवसभराचे सौदे उरकले की रात्री शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, छापायच्या असतात. हिशेब वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवर आणि प्रिंटर खाली मिस्टरांच्या कॉम्प्युटरला, त्यामुळे तीन हंगाम मी पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढत-उतरत होते. एकदा खालच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेली फाइल वर आणायची राहिली आणि एका शेतकऱ्याला जुन्या वजनाची पट्टी गेली. ते दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन शांतपणे आले. मला मात्र फार लागलं. एका फाइलच्या दोन प्रती घरात फिरू द्यायच्या नाहीत, हे त्या दिवशी ठरवलं.

पुढचे दोन आठवडे मी हे सगळं शिकण्यात घालवले. त्यातले निम्मे दिवस प्रिंटरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्यात गेले, आणि दोष प्रिंटरमध्ये नव्हताच. दोन्ही कॉम्प्युटर एका नेटवर्कमध्येच नव्हते. म्हणून क्रम मोडू नका : आधी सगळी यंत्रं एका नेटवर्कमध्ये आणा, मग त्यांचे पत्ते पक्के करा, मग फोल्डर शेअर करा आणि प्रिंटरला सगळ्यात शेवटी हात लावा. फोल्डर उघडला तर प्रिंटर अर्धा झालाच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो. या कामाला इंटरनेट लागत नाही. रस्ता खोदताना फायबर तुटली आणि दोन दिवस नेट नाही, तरीही राउटर चालू असेल तर घरातल्या घरात फाइल जातात आणि प्रिंटही निघते.

काय काय हाताशी हवं

- राउटर आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्ड. बहुतेक राउटरच्या तळाशी स्टिकरवर असतो. नेटवाल्याने बदलला असेल तर त्याच्याकडून आधीच मागून घ्या.
- विंडोज १० किंवा ११ असलेले दोन कॉम्प्युटर. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा आधार थांबवला. शेअरिंग त्यावरही चालतं, पण हिशेबाचा मुख्य कॉम्प्युटर शक्य असेल तर ११ वर न्या.
- निदान एक लॅन केबल, म्हणजे राउटरला यंत्र जोडायची नेटवर्कची तार.
- प्रिंटर, त्याची यूएसबी केबल आणि कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून ठेवलेला ड्रायव्हर.
- वही-पेन. पत्ते आणि पासवर्ड लिहायला लागतातच.

लेखात आकडे मराठीत दिलेत. कॉम्प्युटरवर ते इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. फोल्डर, प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांची नावंही इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.

१. आधी घराचा नकाशा काढा

कागदावर घरातली सगळी यंत्रं मांडा आणि कोणतं यंत्र कोणत्या डब्याला जोडलंय ते रेघेने दाखवा. वायफाय असेल तर तुटक रेघ काढा. मी हा कागद काढला तेव्हा कळलं की आमच्याकडे एक नाही, दोन राउटर आहेत. खाली नेटवाल्याने फायबरसोबत बसवलेला डबा, आणि वर रेंज येत नाही म्हणून आम्ही विकत आणलेला दुसरा. खालच्या डब्यातून निघालेली केबल वरच्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायच्या, निळ्या भोकात खोचलेली होती. ज्याने ती जोडली त्याचं काम नेट चालू करण्यापुरतं होतं आणि नेट चालतही होतं. पण अशा जोडणीत वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. वरचा लॅपटॉप आणि खालचा कॉम्प्युटर एका घरात असूनही दोन वेगळ्या गल्ल्यांत राहतात.

तुमच्याकडे असं आहे का ते तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर करा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर करा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या दोन ओळी वहीत उतरवा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच करा.

घरगुती राउटरवर सहसा पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा हवा. उदाहरणार्थ एक १९२.१६८.१.२० आणि दुसरा १९२.१६८.१.३५. डिफॉल्ट गेटवे दोघांचा एकच हवा. माझ्या वहीत खालचा १९२.१६८.१.७ आणि वरचा १९२.१६८.०.१०२ असे आले. तिसराच आकडा वेगळा, आणि त्या एका आकड्यापायी माझा आठवडा गेला. फसवं असं की या प्रकारात वरून खालच्या यंत्राशी कधीकधी बोलता येतं, पण खालून वर काहीच जात नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, जोडणी ठीक आहे, दोष खालच्या कॉम्प्युटरमध्येच असणार.

दोन राउटर निघाले तर दुसऱ्याला नुसता वायफाय पसरवणारा डबा करून टाका. (राउटरच्या सेटिंगमध्ये कसं शिरायचं ते पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला आहे.) त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर याच क्रमाने करा :

- दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. तो पहिल्या राउटरच्या गल्लीतला, पण कोणीच वापरत नसलेला हवा, जसं १९२.१६८.१.२५०.
- नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जा आणि त्याचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, आणि तो पहिला राउटर.
- आता केबल वॅनच्या भोकातून काढून लॅनच्या कोणत्याही भोकात घाला.

क्रम उलटा झाला तर त्या राउटरच्या सेटिंगमध्ये परत शिरणं अवघड होतं आणि मागचं बारीक बटण टाचणीने दाबून सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

२. राउटरमध्ये तीन कामं

ब्राउझरमध्ये डिफॉल्ट गेटवेचा पत्ता टाइप केला की राउटरचं पान उघडतं. पहिलं काम, सेटिंगचा पासवर्ड बदला. स्टिकरवरचा पासवर्ड घरी येणारा कोणीही वाचू शकतो.

दुसरं, घरातलं कोणतंही यंत्र गेस्ट वायफायवर नाही ना ते पाहा. गेस्ट नेटवर्कमध्ये सहसा यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तो त्याचा हेतूच आहे. काही राउटरवर नेहमीच्या वायफायलाही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ अशी खूण असते. ती चालू असेल तर काढा.

तिसरं काम सगळ्यात मोलाचं. राउटर यंत्रांना पत्ते उसने देतो, आणि लाइट जाऊन आली की आज २० असलेला प्रिंटर उद्या २३ होऊ शकतो. आपला कॉम्प्युटर जुन्याच दारावर थाप मारत बसतो. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते तिथे हे वारंवार घडतं, आणि ‘काल चालत होतं, आज बंद’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. उपाय म्हणजे ॲड्रेस रिझर्व्हेशन. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. त्यातून मुख्य कॉम्प्युटर आणि वायफाय प्रिंटर निवडून त्यांना एकेक पत्ता कायमचा बांधून द्या. मी कॉम्प्युटरला ५० आणि घरातल्या छोट्या वायफाय प्रिंटरला ५१ दिला. पत्ता कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने घालण्यापेक्षा राउटरमध्ये बांधणं चांगलं, म्हणजे एकच पत्ता दोघांना जाण्याची भीती राहत नाही.

आमच्यासारख्या जुन्या घरांसाठी केबलचंही सांगते. दगडी भिंतीतून वायफाय फार दमतं, त्यात ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवरचं २.४ पेक्षा जास्तच. मुख्य कॉम्प्युटर जमेल तर केबलनेच जोडा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी कुठे लागते? पण कनेक्टर बसवून घेताना केबलमधल्या आठही तारा जोडायला सांगा. चारच जोडल्या तरी नेट चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. आठ तारा असतील आणि दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर त्याच्या आठ-नऊपट. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि दोन्ही टोकांना तोच. मी बॅटरी लावून पारदर्शक कनेक्टरमध्ये पाहिलं तर आमच्या एका टोकाला निळी आणि तपकिरी जोडी मागे दुमडून टेप मारलेली होती.

३. मुख्य कॉम्प्युटर तयार करा

ज्या कॉम्प्युटरवर फाइल राहणार आणि ज्याला प्रिंटर जोडलेला आहे, त्याला मी मुख्य म्हणते.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, आपली जोडणी निवडा आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. नवीन जोडणीला विंडोज बहुधा ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या वायफायसारखं, आणि कॉम्प्युटर लपवून ठेवतं. मग ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधून ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये जा. प्रायव्हेटच्या भागात ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ दोन्ही चालू करा. खालच्या ‘ऑल नेटवर्क्स’मध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ दिसेल. ते चालूच ठेवा. ते बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण त्याचा अर्थ वायफायवर आलेल्या कोणालाही दार उघडं असा होतो. शिवाय विंडोजच्या नव्या आवृत्त्या बिनपासवर्डची जोडणी नाकारू लागल्यात, त्यामुळे आज चाललेलं पुढच्या अपडेटनंतर बंद पडतं.

पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर चालते, पण कॉम्प्युटर झोपला की फोल्डरही गेला आणि प्रिंटरही. कॉम्प्युटरला सोपं नाव द्या, १५ अक्षरांच्या आत. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही हे नेटवर्क ‘विश्वासाचं’ म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोजने दिलेली परवानगी तो परस्पर अडवतो.

जुन्या लेखांत ‘होमग्रुप’ तयार करायला सांगितलेलं असतं. ते शोधू नका. विंडोज १० मधून २०१८ च्या एप्रिल अपडेटमध्ये ते काढून टाकलं.

४. शेअरिंगसाठी वेगळं खातं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडताना युजरनेम आणि पासवर्ड विचारतात. आपण रोजच्या सवयीने चार आकडी पिन टाकतो. तो चालत नाही, कधीच चालणार नाही, कारण पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल तर त्या ईमेलचा पासवर्ड, जो बहुतेकांना आठवत नसतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आमच्या खालच्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता. मी रिकामी चौकट ठेवून एंटर दाबत राहिले आणि तो नाही म्हणत राहिला.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे मुख्य कॉम्प्युटरवर शेअरिंगपुरतं एक साधं लोकल खातं उघडायचं. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर युजर्स’, ‘ॲड अकाउंट’ असं जा. ईमेल मागेल, तिथे ‘या माणसाची माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा’ अशा अर्थाची. नाव, चांगला लांब पासवर्ड आणि तीन सुरक्षा प्रश्न भरा. मी खात्याला ‘घर’ या अर्थाचं इंग्रजी नाव दिलं. या खात्याने त्या कॉम्प्युटरवर कोणी बसायचं नाही. ते फक्त दाराची किल्ली आहे. उद्या कोणाला द्यायची बंद करायची असेल तर फक्त याचाच पासवर्ड बदलायचा, मिस्टरांच्या रोजच्या खात्याला धक्का लागत नाही.

५. फोल्डर शेअर करा

डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर शेअर करू नका. त्याची वाट लांबलचक होते, आणि वनड्राइव्ह चालू असेल तर तो फोल्डर नेमका कुठे आहे हेच समजेनासं होतं. डी ड्राइव्ह असेल तर त्यावर थेट एक नवा फोल्डर करा.

फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’चा टॅब आणि ‘शेअर’ बटण. यादीतून मघाचं खातं निवडून जोडा आणि त्याच्यासमोर ‘रीड/राइट’ करा. ‘एव्हरीवन’ जोडायचा मोह टाळा. बाजूला ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ असं बटण आहे, तिथे मी आधी गेले होते. तिथे फक्त दाराची परवानगी मिळते, आतल्या कपाटाची ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये वेगळी द्यावी लागते. ती विसरली की फोल्डर दिसतो आणि उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. साध्या ‘शेअर’ बटणाने दोन्ही एकदम होतात.

मी दोन फोल्डर केले. एक हिशेबाचा आणि एक ‘छापायचं’ या नावाचा (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत). दुसऱ्याचा उपयोग मोबाईलच्या टप्प्यावर कळेल.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नुसता डेटा फोल्डर शेअर करून भागत नाही, परवानाही तसा लागतो. टॅलीत सिल्व्हर एकाच कॉम्प्युटरसाठी असतं, लॅनवर अनेकांना एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड लागतं. आणि असा डेटा वायफायवरून उघडून तासन्‌तास नोंदी करू नका. मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. एक्सेलच्या फाइलला एवढी भीती नाही. एकाने उघडलेली असेल तर दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते, आणि आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच होतं.

६. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडा

दुसऱ्या कॉम्प्युटरवरही नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून घ्या. मग विंडोज आणि आर दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता लिहा, असा : \\१९२.१६८.१.५०

एंटर केलं की नाव-पासवर्ड विचारेल. नावाच्या जागी मुख्य कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ आणि खात्याचं नाव असं पूर्ण लिहा, म्हणजे कोणत्या यंत्रावरचं खातं यात गोंधळ होत नाही. ‘रिमेंबर’वर खूण करा. पासवर्ड एकदा चुकीचा साठवला गेला तर विंडोज पुढेही तोच वापरत राहतं. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली ती नोंद शोधून काढून टाका.

फोल्डर दिसला की त्यावर उजवं क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करा आणि झेड अक्षर द्या. आता तो ‘धिस पीसी’मध्ये नेहमीच्या ड्राइव्हसारखा दिसेल. एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ खाली कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून पुष्कळ जण निराश होतात. ती यादी कधी भरते, कधी रिकामी राहते. पत्ता लिहून उघडतंय ना, मग तिच्याकडे बघूही नका.

७. प्रिंटर

तुमचा प्रिंटर कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा, कारण पुढची वाट त्यावर फुटते.

प्रिंटरला स्वतःचं वायफाय किंवा लॅनचं भोक असेल तर शेअर करायची गरजच नाही. तो थेट राउटरला जोडा आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतंत्रपणे बसवा. दोन गोष्टी सांभाळा. बरेच वायफाय प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही वायफायना एकच नाव असेल आणि प्रिंटर जोडला जात नसेल, तर जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करून बघा. दुसरं, प्रिंटर बसवताना आपोआप सापडलेला न निवडता ‘ॲड मॅन्युअली’मधून टीसीपी/आयपी पत्ता देऊन बसवा आणि राउटरमध्ये बांधलेला पत्ता घाला. आपोआप सापडलेला प्रिंटर पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर बसतो आणि काही दिवसांनी विनाकारण ‘ऑफलाइन’ दाखवू लागतो. आमच्याकडे मुलीच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री नेमकं हेच झालं. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद भरलेला आणि स्क्रीनवर ऑफलाइन. पोर्ट बदलल्यावर ती तक्रार परत आली नाही. टीसीपी/आयपी पोर्टवरही खोटं ऑफलाइन दिसलं तर पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा.

आता दुसरी जात, नुसत्या यूएसबीची. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं चाललाय. पट्ट्या छापायचा आमचा प्रिंटरही याच जातीचा. तो मुख्य कॉम्प्युटरमार्फतच वाटता येतो, म्हणजे छापताना मुख्य कॉम्प्युटर चालू हवा.

मुख्य कॉम्प्युटरवर आधी एक चाचणी पान काढा. मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये प्रिंटर निवडा, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘शेअरिंग’ टॅबमध्ये ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण करा आणि लहान नाव द्या. लक्षात ठेवा, ‘प्रॉपर्टीज’ वेगळं आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ वेगळं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर पुन्हा उलट्या रेघा आणि पत्ता टाकून आत जा. आता फोल्डरशेजारी प्रिंटरही दिसेल, त्यावर डबल क्लिक करा. बसला तर उत्तम. नाही बसला आणि शेवटी ११बी असलेला लांबलचक एरर आला तर घाबरू नका. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईच्या भागात सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या, त्या बुजवताना मायक्रोसॉफ्टने शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून असंख्य ठिकाणी हा एरर येऊ लागला. दोन्ही कॉम्प्युटरची अपडेट पूर्ण करा आणि पुन्हा करून बघा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून ते संरक्षण बंद करायचा उपाय सर्रास सांगितला जातो. मी तो केला नाही, तुम्हीही करू नका. त्याऐवजी हे करा :

- दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या फाइलमधून स्वतंत्र बसवा.
- ‘ॲड मॅन्युअली’मधून लोकल प्रिंटर निवडा, नवीन पोर्ट करताना ‘लोकल पोर्ट’ हा प्रकार घ्या.
- पोर्टच्या नावात दोन उलट्या रेघा, मुख्य कॉम्प्युटरचं नाव, एक रेघ आणि प्रिंटरचं शेअर केलेलं नाव लिहा.
- यादीतून आधी बसवलेला ड्रायव्हर निवडा.

आमची पहिली पट्टी वरून खाली अशीच गेली. मी वर प्रिंटचं बटण दाबलं आणि खालून सासूबाईंनी हाक मारली, “अगं, मशीन आपोआप सुरू झालं बघ!”

८. मोबाईल

वायफाय प्रिंटर असेल तर अँड्रॉइडवर प्रिंट म्हटलं की तो बहुधा आपोआप सापडतो. आयफोनला एअरप्रिंट चालणारा प्रिंटर लागतो. यूएसबीच्या प्रिंटरवर मोबाईलवरून थेट छापता येत नाही, तिथे ‘छापायचं’ फोल्डर कामाला येतो. मोबाईलवरून पीडीएफ त्यात टाकायची आणि कॉम्प्युटरवरून छापायची. आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. अँड्रॉइडवर एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) जोडणी असलेला फाइल मॅनेजर घ्या. पत्ता, खातं आणि पासवर्ड तेच. व्हीएलसी या व्हिडिओच्या ॲपमधून त्याच फोल्डरमधले लग्नाचे व्हिडिओही बघता येतात.

९. अडलं तर या क्रमाने बघा

राउटर आणि मुख्य कॉम्प्युटर चालू आहेत का? दोघांच्या पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत का? नेटवर्क पुन्हा ‘पब्लिक’ तर झालं नाही? पत्ता लिहून फोल्डर उघडतो का? उघडत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका, प्रिंटरकडे वळा. प्रिंट रांगेत अडकली असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा सुरू करा. लाइट गेल्यावर नेहमी गडबड होत असेल तर आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर, मग कॉम्प्युटर. राउटरला छोटा यूपीएस लावला की हा त्रास बराच कमी होतो. लेझर प्रिंटर मात्र त्याच यूपीएसवर लावू नका. तो तापताना एकदम खूप वीज ओढतो.

१०. सुरक्षा आणि पाणी

‘एसएमबी १’ ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत चालू करा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस याच जुन्या दारातून शिरला होता. बाहेरगावाहून फाइल बघता याव्यात म्हणून राउटरमध्ये ४४५ नंबरचं पोर्ट उघडू नका. त्या कामाला व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट, असतो.

शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र मनावर घ्या. सगळे एकाच प्रतीवर काम करतात, म्हणून एकाने पुसलं की सगळ्यांचं पुसलं जातं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात शिरलं. कॉम्प्युटर वर नेला होता, पण वह्यांचं कपाट हलवता आलं नाही. पाणी ओसरल्यावर त्या वह्यांची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना हातात लगदा येत होता. आता राउटर वरच्या मजल्यावर आहे. दर शनिवारी मी हिशेबाचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते आणि डिस्क लगेच काढून ठेवते, कारण जोडून ठेवलेल्या डिस्कवर व्हायरसही पोचतो. दुसरी डिस्क विश्रामबागला माहेरी असते. २०२१ च्या जुलैत पाणी वाढायला लागलं तेव्हा एक डिस्क पर्समध्ये टाकून आम्ही अर्ध्या तासात बाहेर पडलो.

सगळं चालू झालं की एक पान छापा : राउटरचा पत्ता, मुख्य कॉम्प्युटरचं नाव आणि पत्ता, प्रिंटरचं शेअर केलेलं नाव, कोणती केबल कोणत्या भोकात, आणि लाइट आल्यावर काय आधी सुरू करायचं. पासवर्ड त्यावर नको, तो वहीत राहू द्या. आमचं पान जिन्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. मी माहेरी असले तरी मिस्टर ते बघून पट्ट्या छापतात.